यादीत पाऊण गाणं कसं मांडायचं?

दिवाळी पहाटेच्या आधी पंधरा-वीस दिवस आमच्या हौशी गाण्याच्या मंडळाची बैठक बसते. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्याची माडी, मधोमध भडंगाची परात, चहाची दुसरी फेरी. आणि दरवर्षी न चुकता तोच प्रश्न येतो, ‘घेई छंद मकरंद’ आपल्याकडं आजवर किती वेळा झालंय? परत घ्यायचं की यंदा विश्रांती द्यायची?

तबलजी म्हणतात चार वेळा. निवेदन करणाऱ्या वहिनी म्हणतात आठ. मी रजिस्टर उघडतो तर त्यात नऊ नोंदी. मग सुरू होतं. “अरे, त्या कोजागिरीला नुसता मुखडा झाला होता, तो कशाला धरतोस?” “मेडलीत दोन ओळी घेतल्या त्याला गाणं म्हणायचं?” “आणि पेटीवर सोलो वाजवलेलं? तेही मोजलंस की काय?” मोजलं होतं.

मी गात नाही. तंबोरासुद्धा दुसऱ्यानं लावून दिला तरच धरतो. माझं काम यादी ठेवायचं. कुठल्या कार्यक्रमात कुणी काय म्हटलं, कितव्या क्रमांकाला, साथीला कोण. दोन लांब रजिस्टरं आणि नंतर संगणकावरची शीट असा हा पसारा आहे. पहिलं रजिस्टर २०१९च्या पुरात भिजलं. पानं सुटी करून पंख्याखाली वाळवली, पण शाई पसरलीच. काही गाण्यांचा ‘पहिला शब्द आणि पुढं निळा ढग’ एवढाच ऐवज उरलाय. अर्धवट गाण्यांचा माझा अभ्यास तिथून सुरू झाला म्हणा ना.

मिरजेत आणि तासगावात अशाच याद्या ठेवणारे दोघे माझ्या ओळखीचे आहेत. त्यांचंही रडगाणं हेच. अर्धं झालेलं गाणं कसं लिहायचं, आणि दुसऱ्याचं गाणं ‘कुणाचं’ म्हणून लिहायचं? यादी वर्षानुवर्षं वाढते तसा घोळ वाढतो आणि एक दिवस यादीवरचा विश्वासच उडतो. आमचा घोळ कुठं होता आणि तो कसा सोडवला ते लिहितो. आमची रीत सगळ्यांनी उचलावी असं नाही, पण दुखणं कुठं असतं ते तरी कळेल.

बिघाड कुठं होता

आमच्या रजिस्टरात ‘गाणं’ नावाचा एकच रकाना होता. त्यात पदाचे पहिले शब्द लिहायचे. बस्स. पण ‘गाणं’ हा शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक म्हणजे कवीनं लिहिलेले शब्द. दुसरी म्हणजे त्याला लावलेली चाल. तिसरी म्हणजे त्या रात्री त्या माणसाच्या गळ्यातून प्रत्यक्ष जे आलं ते. तिन्ही एकाच खणात कोंबल्यावर आतलं काहीच नीट सापडत नाही. शर्ट, पावत्या आणि औषधं एकाच कप्प्यात ठेवल्यासारखं.

‘घेई छंद’ हेच घ्या. शब्द पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, नाटक ‘कट्यार काळजात घुसली’, साल १९६७. इथवर वाद नाही. पण त्या नाटकात हेच पद दोन ढंगांत येतं, एक धानी रागात आणि एक सालगवराळी रागात. शब्द एक, चाली दोन. आमच्या यादीत दोन्ही एकाच ओळीखाली. त्यात पुन्हा २०१५चा सिनेमा आला. तो पाहून आलेली नवी मुलं सिनेमाच्या धाटणीनं म्हणायला लागली. तेही त्याच ओळीखाली. एवढंच नाही, ‘सूर निरागस हो’ हे त्या सिनेमासाठी नव्यानं केलेलं गाणं आमच्या यादीत चक्क १९६७च्या नाटकाच्या नावावर जमा होतं! ही चूक माझीच. निवेदनात कुणीतरी ‘कट्यारमधलं’ म्हणालं आणि मी लिहून मोकळा झालो.

म्हणून पहिली दुरुस्ती अशी केली की यादीची दोन पानं केली. एका पानावर गाण्यांचा कायमचा साठा. त्यात शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुठून आलं, एकूण कडवी किती. प्रत्येक चालीला वेगळा क्रमांक, शब्द तेच असले तरीही. दुसऱ्या पानावर कार्यक्रमांची नोंद. तिथं गाण्याचं नाव परत लिहायचं नाही, फक्त साठ्यातला क्रमांक टाकायचा आणि त्या रात्री काय झालं तेवढं लिहायचं. निम्मा घोळ इथंच मिटला.

पूर्ण म्हणजे कशाच्या मानानं?

उरलेला निम्मा चिवट निघाला. ‘अर्धवट’ हा शब्द वापरायचा तर आधी ‘पूर्ण’ कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही.

आमचे पेटीवाले काका सत्तरीच्या पुढचे आहेत. नाटकाची छापील पुस्तकं त्यांच्याकडं ढीगभर. त्यांचं मत ठाम. पुस्तकात जेवढं पद आहे तेवढं म्हटलं तर पूर्ण. पण बहुतेकांच्या कानात बसलेली पदं रेकॉर्डवरून आलेली. जुन्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात आलाप, ताना घ्यायच्या तर अंतरा गाळायचा, नाहीतर आवरतं घ्यायचं. आपण ज्याला ‘अख्खं गाणं’ समजत आलो ते कधीकधी रेकॉर्डच्या मापानं कापलेलं असतं. मग पुस्तकातला दुसरा अंतरा कुणीच म्हणत नसेल, तर सगळीच मंडळी आयुष्यभर अर्धवट गातायत असं लिहायचं का?

गीतरामायणात हा पेच अजून जास्त. पुणे आकाशवाणीवर १९५५ ते ५६ या वर्षात ५६ गीतं झाली. कवी आपल्या जिल्ह्यातले, आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे गदिमा. काही गीतांना इतकी कडवी आहेत की तीन तासांच्या कार्यक्रमात सगळी घ्यायची तर चार गीतांत मध्यंतर करावं लागेल. त्यामुळं प्रत्येक गायक निवड करतो. आमच्याकडं रामनवमीला गाणारे दोघे आहेत. एकाच गीताची दोघांची कडवी वेगळी. दोघांनाही ‘अर्धवट’ शिक्का मारला तर यादी खरी होईल, पण उपयोगाची राहणार नाही.

आम्ही शेवटी असं केलं. साठ्याच्या पानावर प्रत्येक गाण्यापुढं दोन रकाने घातले. ‘एकूण’ आणि ‘कशावरून’. कशावरून म्हणजे छापील पुस्तक, रेकॉर्ड, रेडिओ, सिनेमा की मंडळाची स्वतःची वही. त्या मापाशी ताडून कार्यक्रमाची नोंद करायची. माप नंतर बदललं, उदाहरणार्थ काकांना अजून एक अंतरा असलेलं पुस्तक सापडलं, तर फक्त साठ्याच्या पानावर दुरुस्ती करायची. जुन्या नोंदींना हात लावायचा नाही, कारण त्यांत ‘पूर्ण’ किंवा ‘अर्धवट’ असा निवाडा लिहिलेलाच नाही. काय ऐकू आलं तेवढंच लिहिलंय. सगळ्या खटाटोपात मला कळलेली मोठी गोष्ट ही. नोंद करणाऱ्यानं कान लिहावा, मत लिहू नये.

काय ऐकू आलं ते कसं लिहायचं

खुणा थोड्याच ठेवल्या आहेत, कारण कार्यक्रमात अंधारात, मांडीवर वही ठेवून लिहायचं असतं. मुखड्याला ‘मु’. अंतऱ्यांना किंवा कडव्यांना त्यांचे आकडे. म्हणजे मुखडा आणि पहिलं-तिसरं कडवं झालं तर ‘मु १ ३’. सगळं झालं तरी सगळे आकडेच. नुसतं वाद्यावर वाजलं तर ‘वा’. बोलण्याच्या ओघात एखादी ओळ गुणगुणली तर ‘ओ’. मध्येच तुटलं तर ‘तु’. संपलं.

‘ओ’ ही खूण वहिनींमुळं आली. निवेदनात त्या दोन-दोन ओळी गातात. हरिपूरच्या नाटककार देवलांविषयी बोलताना ‘शारदा’तल्या ‘म्हातारा इतुका न’ची एक ओळ घेतली नाही असं कधी होत नाही, आणि ‘पाऊणशे’वर हशाही ठरलेला. हे नाटक १८९९चं. आजही ती ओळ हुकमी टाळी घेते. पण हे पद आमच्याकडं अख्खं कधीच झालेलं नाही, आणि जुन्या रजिस्टरात मात्र तीनदा दिसतं! आता तिथं ‘ओ’ आहे. मोजताना ‘ओ’ बाजूला पडतं, शोधताना मात्र सापडतं.

‘तु’ कधी लिहायचं यावर बराच खल झाला. वीज गेली, माईक रुसला, गायकाला ठसका लागला, ही एक जात. अशा वेळी दोन मिनिटांनी तेच गाणं पहिल्यापासून परत घेतलं, तर मी तुटलेल्याची वेगळी ओळ लिहीत नाही. एकच ओळ आणि शेऱ्यात ‘वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून’. पण परत घेतलंच नाही तर ओळ राहते आणि ‘मु १ तु’ असं लिहितो. एकदा पावसाळ्यात उघड्यावरच्या कार्यक्रमात दुसऱ्या अंतऱ्याला जोराची सर आली. गायक, श्रोते, सतरंज्या सगळं आत पळालं आणि आत गेल्यावर वेगळंच गाणं सुरू झालं. त्या बिचाऱ्या गाण्याची ओळ अजून ‘तु’ म्हणून उभी आहे.

वन्स मोअरचा प्रश्न आपल्या नाट्यसंगीताचा खास. टाळ्या पडल्या, लगेच परत घेतलं, तर नवी ओळ नाही. त्याच ओळीत ‘पुन्हा’ या रकान्यात एक टाकायचा, आणि परत घेताना अंतऱ्यापासूनच घेतलं असेल तर शेऱ्यात तसं. पण मध्ये दोन गाणी होऊन शेवटी फर्माईश म्हणून परत आलं, तर नवी ओळ. काका म्हणतात ही वाटणी कृत्रिम आहे. आहेच. पण एक रीत धरली की निदान दरवर्षी तेच भांडण नवं होत नाही.

मेडली. हा शब्द ऐकला की यादीवाल्याच्या पोटात गोळा येतो. ऑर्केस्ट्रावाले सहा गाण्यांचे मुखडे एका दमात सोडतात. चौथा कधी संपला आणि पाचवा कधी सुरू झाला ते कळेपर्यंत सहावा आलेला असतो. आमची जुनी रीत होती ‘लावणी मेडली’ अशी एक ओळ लिहायची. आत काय होतं ते देवाला माहीत. आता प्रत्येक तुकड्याला स्वतःची ओळ आहे आणि ‘जोड’ नावाच्या रकान्यात सगळ्यांना एकच खूण, म्हणजे पहिल्या मेडलीला म१, दुसरीला म२. कार्यक्रमात किती ‘बाबी’ झाल्या हे मोजताना एका खुणेची सगळी मिळून एक बाब. एखादं गाणं किती वेळा कानावर आलं हे मोजताना प्रत्येक तुकडा वेगळा.

परदेशातल्या यादीवाल्यांनीही हाच गुंता सोडवलाय. अमेरिकेत ‘ग्रेटफुल डेड’ नावाचा बँड होता. त्यांच्या याद्या ठेवणारे रसिक दोन गाण्यांमध्ये न थांबता गेले तर मध्ये > असं चिन्ह घालतात, थांबून गेले तर स्वल्पविराम. हा बँड एखादं गाणं सुरू करून मध्येच दुसऱ्यात जायचा आणि तासाभरानं पहिल्याचा शेवट वाजवायचा. आपल्याकडंही असं होतं. गायक मुखडा घेतो, मग गुरूंची आठवण, मग मूळ बंदिशीची झलक, मग परत पदावर. मी ते चिन्ह सरळ उचललंय. चांगली सोय आहे, परकी असली म्हणून काय झालं?

मूळ बंदिशीची झलक म्हणालो तिथं थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त चुका मी तिथं केल्यात. आपली कितीतरी नाट्यपदं आधीच्या चिजांवर (बंदिशींवर), ठुमऱ्या-दादऱ्यांवर बेतलेली. ‘मानापमान’च्या चाली बांधताना गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग आणला, ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी रागदारी दिली. त्यामुळं जाणता गायक पद रंगात आलं की हळूच मूळ चीज घालतो, दोन आवर्तनं फिरतो आणि मराठी शब्दांवर परततो. पूर्वी मी याच्या दोन ओळी लिहायचो आणि यादीत ठुमरीची संख्या फुगायची. आता पदाचीच एक ओळ आणि त्याच ओळीत ‘आत’ या रकान्यात चिजेचा क्रमांक. चीज ओळखू आली नाही तर ‘आत: हिंदी चीज, देस राग वाटला’ एवढंच. ओळखल्याचा आव आणत नाही.

दुसऱ्यांची गाणी

आमच्यातल्या एका तरुण गड्याचा स्वतःचा बँड आहे, विश्रामबागेत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत सराव करतात. शीट करताना त्यानं हौसेनं ‘कव्हर: होय/नाही’, म्हणजे गाणं दुसऱ्याचं आहे का, असा रकाना घातला. महिनाभरानं बघतो तर वरपासून खालपर्यंत होय, होय, होय. हौशी मंडळात दुसरं काय निघणार? ज्या रकान्यात सगळीकडं एकच उत्तर येतं तो रकाना नुसता जागा अडवतो.

त्याचं चुकलं नव्हतं. तो ज्या संकेतस्थळांवर याद्या बघतो ती बँडसाठी बनलेली आहेत. बँड स्वतःची गाणी गातो, मध्येच एखादं दुसऱ्याचं घेतो, म्हणून तिथं कव्हर ही बातमी असते आणि मूळ कलाकाराचं नाव पुढं लिहितात. आपल्याकडं मूळ कलाकार कोण हाच वाद. नाट्यपद पहिल्यांदा रंगभूमीवर कुणी म्हटलं, ते गाजवलं कुणी, रेकॉर्ड कुणाची आणि आजचा गायक कुणाचं ऐकून शिकला, ही चार वेगळी नावं असू शकतात. ‘चंद्रिका ही जणू’ हे सांगलीच्याच खाडिलकरांच्या १९११च्या ‘मानापमान’मधलं पद. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी ते रेकॉर्डवर गायलं. इथं कुणी ते घेतलं की पाठीमागं खाँसाहेबच उभे असतात. खाँसाहेब काही त्या नाटकातले नट नव्हेत. मूळ कोण लिहायचं?

गीतरामायणातही तेच. रेडिओवर ती गीतं वेगवेगळ्या गायक-गायिकांनी म्हटली. पुढं सुधीर फडके कार्यक्रमांतून सगळी स्वतः गायले आणि लोकांच्या कानात बाबूजींचा आवाज बसला. सीतेच्या तोंडचं गीत आमच्याकडं कुणी घेतं तेव्हा ते बहुतेक वेळा बाबूजींच्या ढंगाचं असतं.

म्हणून ‘मूळ गायक’ हा रकाना मी काढूनच टाकला. त्याऐवजी साठ्यात तीन नोंदी आहेत. शब्द, चाल आणि पहिलं रूप, म्हणजे नाटक, सिनेमा, रेडिओ किंवा रेकॉर्ड, सालासकट. कार्यक्रमाच्या पानावर ऐच्छिक चौथी नोंद, ‘कुणाच्या ढंगानं’. ती गायकानं स्वतः सांगितली तरच लिहायची. माझ्या कानावर भरवसा ठेवून नाही.

खरं म्हणजे आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासून, १८८०च्या ‘शाकुंतल’पासून म्हणा, पदाच्या डोक्यावर राग-तालाबरोबर ‘चाल’ छापायची पद्धत पडली. हे पद अमुक गाण्याच्या चालीवर म्हणायचं, असं उघड लिहिलेलं असायचं. लपवाछपवी नाही आणि कव्हर आहे का नाही असला प्रश्नही नाही. काकांनी एक दिवस तसलं पुस्तक माझ्यासमोर आपटलं आणि म्हणाले, “तुझ्या त्या शीटला हा रकाना घाल लेका, बाकीचं सगळं पुस ते.” घातला. नाव ‘चाल’ हेच.

साकी आणि दिंडी यांचं काय, असं मी विचारलं तर ते हसले. ही वृत्तं. त्यांच्या म्हणण्याची ठरीव धाटणी परंपरेनं आलेली, तिला एक मालक नाही. तिथं चालीच्या रकान्यात ‘साकी’ किंवा ‘दिंडी’ एवढंच लिहायचं आणि पुढं जायचं.

अभंगांचं थोडं जपून. शब्द संतांचे, चाली अनेक. ‘तीर्थ विठ्ठल’ नामदेवांचं, पण भीमसेनजींमुळं घरोघरी गेलेली चाल राम फाटकांची. आमच्या भजनी मंडळातल्या बायका हाच अभंग त्यांच्या पारंपरिक चालीत म्हणतात. साठ्यात या दोन वेगळ्या ओळी, आणि दुसऱ्या ओळीत चाल ‘पारंपरिक’. उलटा सापळाही आहे. ‘इंद्रायणी काठी’ ऐकून निम्मे लोक कुठल्या तरी संताचा अभंग समजतात. आमच्या यादीतही तो ‘संतरचना’ या गटात होता. ते गदिमांचं गीत, १९५३च्या ‘गुळाचा गणपती’ सिनेमातलं, संगीत पु. ल. देशपांड्यांचं. कवी आपल्याच जिल्ह्यातला आणि आपल्याच यादीत त्याचं नाव नाही, ही नाचक्की मी स्वतः निस्तरली.

शब्द-चालीचे रकाने नीट भरलेले असले की आयोजकांचंही काम होतं. सार्वजनिक कार्यक्रमासाठी गीत-संगीताचे परवाने देणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेशी पत्रव्यवहार करायचा झाला तर तिथं गीतकार आणि संगीतकार महत्त्वाचे, आज कोण गातंय ते नाही. आपल्याकडं साहित्य-संगीतावरचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. देवल १९१६ साली गेले, त्यांचे शब्द केव्हाच मोकळे झाले. गदिमा गेले १९७७ला, म्हणजे त्यांचे अजून नाहीत.

आता त्या तरुण गड्याचा कव्हरचा रकाना. तो शेवटी ठेवला, पण जागा बदलून. दुसऱ्याचं असणं हा गाण्याचा गुण नाही, गाणारा आणि गाणं यांच्यातलं ते नातं आहे. त्याच्या बँडनं बांधलेलं गाणं त्यानं म्हटलं तर स्वतःचं, तेच आमच्या वहिनींनी म्हटलं तर दुसऱ्याचं. त्यामुळं हा रकाना साठ्यात नको, कार्यक्रमाच्या ओळीत हवा. ‘म्युझिकब्रेन्झ’ नावाचा संगीताचा मोठा खुला साठा आहे, तिथंही रचना एकीकडं आणि ध्वनिमुद्रण दुसरीकडं ठेवतात, आणि अर्धवट, कव्हर, मेडली, केवळ वाद्यावर या खुणा दोहोंना जोडणाऱ्या नात्यावर लावतात. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर दोन उन्हाळे वाचले असते.

संगणकाचे उपद्व्याप

हे पटकन सांगतो, कारण कंटाळवाणं आहे पण नडतं.

सुरुवातीला मी ‘तीनपैकी एक अंतरा’ हे तिरक्या रेघेनं लिहायचो, म्हणजे एक, मग रेघ, मग तीन. शीटनं त्याची तारीख केली. सव्वाशे ओळींत अंतऱ्यांच्या जागी जानेवारी-मार्च उगवलेले. तो रकाना आधीच ‘साधा मजकूर’ करून ठेवा, किंवा माझ्यासारखी रेघच सोडा.

मराठी आकड्यांचा रकाना बेरजेला घेतला की आमच्याकडं उत्तर शून्य यायचं, कारण शीट त्यांना अक्षरं समजत होती. मोजायचे रकाने इंग्रजी आकड्यांत, वाचायचे मराठीत, अशी तडजोड केली.

एकच शब्द दोनदा दिसायला सारखा पण शोधात वेगळा येतो, त्याचं कारण बहुधा ‘ऱ’. ‘वाऱ्यावर’मधला ऱ्या दोन पद्धतींनी टंकित होतो, फोनवर एक आणि संगणकावर दुसरा. डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. ‘जणु’ आणि ‘जणू’ हे तर उघड वेगळे. शब्दाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा हाही तसलाच चोर. गाण्याचं नाव साठ्यात एकदाच लिहून पुढं क्रमांक वापरण्याचा खरा फायदा इथं कळतो.

जुन्या नोंदी कशा दुरुस्त करायच्या

सांभाळून. अंदाजानं तर मुळीच नाही. जिथं काय झालं ते ठाऊक नाही तिथं मी ‘?’ टाकतो. माझ्या पहिल्या रजिस्टरातल्या बहुतेक ओळींना आज प्रश्नचिन्ह आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पुरावा कुठं मिळतो? मोबाइलवरची रेकॉर्डिंगं, कुणाच्या तरी नातवाच्या बोरन्हाणाच्या फोटोंमध्ये अडकलेली. छापील कार्यक्रमपत्रिका, पण ती ठरलेलं सांगते, झालेलं नाही. सगळ्यात भरवशाची निघाली काकांची डायरी. पेटीवाले गाण्यापुढं पट्टी, म्हणजे गायकाचा आधारसूर, लिहून ठेवतात, काळी दोन, पांढरी चार, आणि शेजारी ताल. पट्टीवरून कोण गायलं ते बऱ्याचदा कळतं. काळी चार म्हणजे आमच्या वहिनी, काळी एक म्हणजे त्यांचे दीर. डायरीत ज्या गाण्यापुढं पट्टी आहे पण ताल नाही, ते गाणं बहुधा मुखड्यापलीकडं गेलेलं नसतं, असं काकांनीच सांगितलं. ते मी पुरावा म्हणून धरत नाही. शेऱ्यात मात्र लिहितो.

या वेळच्या बैठकीत नऊ ओळी उलगडल्या त्या अशा. पूर्ण चार, त्यांतली तीन धानीत आणि एक सालगवराळीत. नुसता मुखडा दोन. मेडलीत दोन. पेटीवर एक. तबलजी अख्खी गाणी मोजत होते, वहिनी गळ्यातून आलेलं सगळं, आणि मी शाईनं लिहिलेलं सगळं. यंदा सालगवराळीतलं घ्यायचं ठरलं, कारण ते एकदाच झालंय. पाच मिनिटांत ठरलं. मग उरलेला तासभर नांदी ‘पंचतुंड’ ही वेगळी बाब धरायची की पडद्याआडची तयारी, यावर गेला.

एक ओळ अजून अडलेली आहे. २०१३च्या कोजागिरीची. माझ्या रजिस्टरात ‘घेई छंद’ची नोंद आहे, काकांच्या डायरीत काळी दोन आहे आणि पुढं ताल नाही. काळी दोनमध्ये आमच्याकडं कुणीच गात नाही. तबलजींना वाटतं, मिरजेहून आलेल्या एका पाहुण्यानं फर्माईशीवर मुखडा घेतला होता. तूर्त तिथं ‘मु ?’ आणि गायकाच्या जागी रिकामं आहे. त्या रात्री माडीवर बसून कुणी फोनवर काही टिपलं असेल, अगदी मागं दुधाची पातेली वाजत असली तरी चालेल, तर बैठकीला घेऊन या.